अनुभव धागा: मनाच्या दुखण्यात पहिली मदत कुठे मिळाली?

केवडा
परवा काकांना मोतीबिंदूसाठी रत्नागिरीच्या सिव्हिलला नेलं होतं. रांगेत उभी असताना भिंतीवर टेलिमानसचं, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचं पोस्टर दिसलं, १४४१६. खाली कुणीतरी पेनाने लिहिलेलं, 'खरंच उचलतात'. हसू आलं आणि आत्या आठवली.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. आत्याला आवाज ऐकू यायचे. शेजारची बाई विहिरीत काहीतरी टाकते म्हणून पाणी प्यायची नाही, शहाळ्यांवर राहायची. घरात सगळ्यांनी 'बाहेरचं' ठरवून टाकलं. नारळ झाले, उतारे झाले, पार कर्नाटकापर्यंत फिरवून आणली. मनोरुग्णालय आमच्यापासून रिक्षाच्या अंतरावर! तिथे नेलं शेवटी गावच्या पोस्टमास्तरांनी. त्यांच्या भावाची औषधं तिथलीच होती, पण गावात कुणाला पत्ता नव्हता. आजोबांना मागच्या पडवीत बोलावून हळूच सांगितलं होतं त्यांनी. गोळ्या लागू पडल्यावर आत्याने पुढे कित्येक वर्षं बायकांची भिशी चालवली, हिशेबात रुपया चुकला नाही.

नंबर भिंतीवर असतोच हो. पण 'मी गेलोय तिथे' म्हणणारं कुणी भेटलं तरच माणूस उठतो. म्हणून लिहा. कोणी नेलं, कुठे, काय विचारतात, खर्च किती. उपदेश नकोत. नावं-गावं लपवलीत तरी चालेल.

वरणफळ
ते पेनाने लिहिणारी मी नाही पण लिहिलं असतं 😄 उचलतात. बाळ सव्वा महिन्याचं होतं. रात्री बाथरूममध्ये नळ सोडून बोलले, सासूबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून. आधी भाषा निवडायची, मराठी आहे. बाईंनी पहिलं विचारलं जेवलात का. मग सरळच, जीव नकोसा वाटतो का, बाळाला काही करावंसं वाटतं का. तोवर असं कुणी विचारलंच नव्हतं, सगळे आपले अळीव खा, डिंक खा. बादली भरून वाहतेय आणि मी बोलतेय. जिल्हा रुग्णालयातली मानसोपचाराची ओपीडी त्यांनीच सांगितली. अंगावर पाजताना चालतील अशा गोळ्या असतात हे मला तिथे कळलं. बाळ उठलं, नंतर लिहिते

खमंग_काकडी
पाणी किती वाया घालवलंस गं 😜 (सॉरी. घट्ट मिठी.)

निवृत्त_मास्तर
आमच्या वेळी डिप्रेशन वगैरे नव्हते. एकत्र कुटुंब होते, बोलायला माणसे होती.

तिरफळ
तुमच्या वेळीही होतं काका, फक्त माडीवर कडी लावून होतं.

निवृत्त_मास्तर
माडी नव्हती. गोठ्याशेजारची खोली होती. चुलत्यांचे ताट मी नेऊन देत असे. बरोबर आहे तुमचे.

सिंहगडरोड
मुलगा शुभार्थी (म्हणजे आजार असलेला), आम्ही दोघं शुभंकर (काळजी घेणारे). आजार स्किझोफ्रेनिया. निदानानंतर दोन-तीन वर्षं नातेवाइकांकडे लग्नालासुद्धा गेलो नाही. मग डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये एका गृहस्थांनी सांगितलं, धायरीला 'सा'चा स्वमदत गट भरतो, या. 'सा' म्हणजे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन.
पहिल्या दिवशी मी नुसता चहा पिऊन आलो. पुढच्या वेळी हिने विचारलं, गोळी घेत नाही तर आमटीत कुस्करून घालू का? डॉक्टर काय म्हणाले असते ठाऊक नाही, पण पलीकडच्या एक बाई म्हणाल्या, नका हो, मी घातली होती. कळल्यावर तो माझ्या हातचं जेवेनासा झाला. हे पुस्तकात मिळत नाही.
अजून एक. दिव्यांग प्रमाणपत्र मनोविकारालाही मिळतं, २०१६च्या कायद्याने. सवलतींसाठी अपंगत्व चाळीस टक्के किंवा जास्त लागतं. यूडीआयडीच्या (दिव्यांग ओळखपत्राच्या) सरकारी साइटवर अर्ज, मग तपासणी. मुलगा आधी तयार नव्हता. आम्ही मागे लागलो नाही. आता एसटीच्या सवलतीसाठी तोच कार्ड पुढे करतो.

बर्फातला_वडापाव
सिंहगडरोड काका, ही संस्था काढणारे डॉ. जगन्नाथ वाणी आमच्या कॅनडातल्या कॅलगरीचे! इथल्या विद्यापीठात प्राध्यापक होते. घरात पत्नीचाच आजार, त्यातून हे काम उभं राहिलं. इथली जुनी मराठी मंडळी अजून त्यांच्याबद्दल बोलतात. बाकी आज उणे बावीस आहे, आणि वडापाव मिळत नाही.

खमंग_काकडी
उणे बावीस 😳 आमच्याकडे पंखा पाचवर

पांढरं_सोनं
मी आशा वर्कर आहो, यवतमाळ जिल्ह्यातली. आमच्याकडं कोनी म्हनत नाही का मले उदास वाटते. म्हनते डोकं जड हाय, झोप लागत नाही, वावरात जाव वाटत नाही. शेतकऱ्यायच्या मनाच्या दुखन्यासाठी सरकारचा प्रेरणा प्रकल्प आला २०१५ मंदी, तवापासून घरोघरी इचारतो. पन फॉर्म काढला का मानूस गप. म्हनून मी आधी कापसाचा भाव इचारतो. मंग कर्जाचं निंघते, मंग पोरीच्या लग्नाचं, मंग खरं. ज्याचं बोलनं लई वंगाळ वाटलं त्याले एकटं सोडत नाही, घरच्यायले सांगतो आन सिव्हिलले संग नेतो. १०४ हा सरकारी आरोग्याचा फोन हाय, त्यावर बी बोलता येते. आमच्या मानधनाचं मात्र कोनी इचारू नका 😂

तिरफळ
ताई तुम्हाला दंडवत. कापसाचा भाव 👌

अबोली_९
सिव्हिलला केसपेपरचे किती घेतात आता?

केवडा
काही नाही. १५ ऑगस्ट २०२३पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत मोफत आहे. मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याचं वेगळं, तिथे विचारून घ्या.

उंबरठा
नवरा दारू सोडवायला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात होता. पस्तीस दिवसांचा उपचार असतो. तो आत आणि मी बाहेर रागाने धुमसतेय. तिथे बायकोलाही बोलावतात हे माहीत नव्हतं. मला वाटलं याच्या तक्रारी ऐकायला बोलावलंय, तर मलाच विचारलं तुम्ही झोपता का. सगळ्यांसमोर रडले. शेजारच्या बाईने पदर पुढे केला, तिचा नवरा तिसऱ्यांदा आलेला. अजून फोन चालू असतो आमचा, आता मुख्यतः लोणच्यांवर बोलतो. नवरा? बरा आहे. मध्ये एकदा घसरला, पाठपुराव्याला जातो.

माडाची_सावली
गोंयांत संगाथ ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, पर्वरीला. १९९६पासून काम करतात. सगळीकडे डॉक्टर कुठून आणणार, म्हणून साध्या माणसांना शिकवून समुपदेशक केलंय. माझ्या भावाशी बोलायला यायचा तो मुलगा आमच्यासारखाच, मासळीच्या भावापासून सुरुवात.

खमंग_काकडी
कापूस, मासळी. मुंबईत लोकलचं टाइमटेबल विचारावं लागेल

काळा_कोट
एक कायद्याचं, कारण अजून भीती दिसते. कुणी जीव द्यायचा प्रयत्न केला तर 'पोलीस केस होईल' म्हणून दवाखान्यात न्यायला वेळ घालवू नका. मानसिक आरोग्य कायदा २०१७, कलम ११५. तो माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं, त्याच्यावर खटला-शिक्षा नाही. उलट त्याच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर आहे.

निवृत्त_मास्तर
हे छापून ग्रामपंचायतीत लावतो.

वरणफळ
आले परत. बाळ आता बालवाडीत आहे बरं का, ते वर लिहायचं राहिलं 😀 गोळ्या डॉक्टरांनी हळूहळू कमी करत बंद केल्या. आपल्या मनाने एकदम सोडू नका कुणी. आमच्या जावेने सोडल्या आणि चक्कर, चिडचिड, सगळंच.

अबोली_९
काळा_कोट, विचारू का? भावाला ॲडमिट केलं होतं, विमा कंपनीने क्लेम नाकारला. 'मानसिक आजार बसत नाही' म्हणे.

काळा_कोट
त्याच कायद्याचं कलम २१(४) बघा. शारीरिक आजाराला जसा विमा, तसाच मानसिकला द्यायचा आहे. नकार लेखी घ्या. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र, महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. फी नाही, वकीलही लागत नाही (माझं नुकसान).

अबोली_९
पॉलिसी भावाच्या नावावर आहे, तो सही करेल पण फोनवर बोलणार नाही. चालेल?

काळा_कोट
अर्जावर त्याची सही हवी. बोलणीचालणीसाठी तुमच्या नावाने अधिकारपत्र करून घ्या. डिस्चार्ज कार्ड सापडतंय का बघा आधी.

पांढरं_सोनं
मी निंघतो, आज लसीकरण हाय. अबोली ताई, भावाले नमस्कार सांगजा.