मदत हवी आहे: अकाउंटिंगमध्ये मास्टर्स करावं का, आणि पैसे कसे उभे करावेत?

नमस्कार मंडळी. वाणिज्य पदवीनंतर ४ वर्षं मी एका कंपनीत खाती सांभाळते आहे. व्हाउचर, बँकेचा ताळमेळ, महिनाअखेरचं क्लोजिंग, सगळं हातात बसलंय. पण उपकंपन्यांचे एकत्रित ताळेबंद किंवा ऑडिटचं काम आलं की ते वरिष्ठांकडे जातं. मला तेच शिकायचंय, मनापासून.

अडचण पैशांची. फी एकवेळ जमेल, पण पूर्णवेळ शिकायचं तर २ वर्षांचा पगार बुडेल, आणि खरा खर्च तोच आहे. शैक्षणिक कर्जाचे हप्ते नंतर सुरू होतात, तरी व्याज बहुधा कर्ज उचलल्यापासूनच चढत राहतं. साहेब म्हणाले, निम्मी फी कंपनी देईल, मात्र नंतर ३ वर्षं इथंच राहायचा बाँड. सही करायचा धीर होत नाहीये.

दुसरा रस्ता एसीसीएचा, म्हणजे ब्रिटनमधल्या एका संस्थेच्या व्यावसायिक अकाउंटिंग पात्रतेचा. सध्या १३ पेपर, शिवाय ३६ महिन्यांचा कामाचा अनुभव. पदवीमुळे काही पेपरांची सूट मिळू शकते, नोकरी सोडावी लागत नाही आणि परीक्षेची फी पेपरागणिक भरता येते. मग मास्टर्सचा हट्ट कशाला? तर पुढेमागे कॉलेजात शिकवायची माझी फार इच्छा आहे, म्हणून.

नोकरी सांभाळून अर्धवेळ मास्टर्स केलेलं कुणी आहे का इथे? वर्षअखेरच्या धावपळीत अभ्यास कसा निभावला? आणि बाँडवर सही केलेल्यांनी जरूर लिहा: मध्येच नोकरी सोडली तर पूर्ण रक्कम परत द्यावी लागली, की उरलेल्या काळापुरतीच?