कासवाच्या डोळ्यातला दाब कुठे मोजून मिळेल? (सल्ला हवा)

मधली_बाल्कनी:
आमच्याकडे नऊ वर्षांचं लाल कानाचं कासव आहे, नाव बटाटा. तीन आठवडे झाले, डावा डोळा बंद आणि पापणी वाटाण्याएवढी फुगलेली. घराजवळच्या दवाखान्यात दाब मोजला. मदतनिसाने मान ओढून बाहेर काढली आणि दोन बोटांत गच्च धरली. डावा 22, उजवा 20 (पाऱ्याचे मिलिमीटर). काचबिंदूचे थेंब लिहून दिलेत. मला काही पटत नाहीये. पुण्यात नीट मोजणारं कुणी आहे का? की मशीनच विकत घेऊ?

ओलं_कवच:
मशीन अजिबात घेऊ नका, त्या पैशात बटाट्याची तीन घरं होतील. मी पशुवैद्य आहे, निम्मे पेशंट टाकीतले.

चांगल्या डोळ्यातही 20 आलाय ना? मग आधी मानेवर संशय घ्या. मान दाबली की डोक्यातलं रक्त परतायला अडतं आणि डोळ्यातला दाब चढतो. लॉगरहेड समुद्री कासवांच्या पिल्लांवर 2001 मध्ये अभ्यास झाला होता. नुसतं डोकं खाली करून धरलं तरी आकडा कितीतरी पट वाढला. लाल कानाच्या कासवात दहाच्या आसपास किंवा त्याखाली आकडा अपेक्षित असतो. जमिनीवरच्या काही कासवांत 14-15 सुद्धा नॉर्मल. माणसाचा 10 ते 21 इथे लावू नका.

मधली_बाल्कनी:
मग धरायचं कसं?

ओलं_कवच:
शक्यतो धरायचंच नाही. टॉवेलवर ठेवा, कवचाला हात लावून थांबा, मान ते स्वतःहून काढेल. मला एकदा वीस मिनिटं लागली होती, चहा गार झाला. टोनोव्हेट (प्राण्यांच्या डोळ्यातला दाब मोजायचं यंत्र) असेल तर उत्तम. त्याची बारीक सळई कॉर्नियाला (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला) टेकून लगेच उसळते, भूल देणारे थेंब लागत नाहीत. मात्र सळई आडवीच राहील असं यंत्र धरावं लागतं आणि सहा टिचक्यांनंतर सरासरी दाखवतं. टोनोपेन या दुसऱ्या यंत्राला भूल देणारे थेंब लागतात आणि एवढ्याशा डोळ्यासाठी त्याचं टोक मोठं पडतं. कुठलंही असलं तरी खास कासवाचं सेटिंग त्यात नसतं. म्हणून कुठल्या यंत्रावर, कुठल्या सेटिंगवर मोजलं ते लिहून घ्या. पुढच्या वेळी तेच वापरलं तर तुलना होईल.

आणि खायला काय देता?

मधली_बाल्कनी:
सुकी कोळंबी. फक्त तीच खातो.

ओलं_कवच:
वाटलंच. बंद डोळा आणि सुजलेली पापणी म्हटलं की आधी अ जीवनसत्त्वाची कमतरता आणि घाण पाणी बघतात. काचबिंदू कासवात क्वचितच. सूज पापणीची आहे की बुबुळ पुढे आलंय, हे समोर बसून बघायला हवं. अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मात्र कुणी सांगितलं म्हणून टोचून घेऊ नका, जास्त झालं तर कातडी सोलवटते.

सर्पसखा:
धागा हायजॅक करतोय, पण सापाचा दाब मोजता येतो का?

ओलं_कवच:
सापाला पापणी नाही, डोळ्यावर पारदर्शक खवला असतो. सळई त्यावर आपटते, कॉर्नियापर्यंत पोचतच नाही. बहुतेक पालींचंही तेच.

मधली_बाल्कनी:
अपडेट. दुसऱ्या डॉक्टरांनी मान न धरता मोजलं. डावा 8, उजवा 7. थेंब बंद करायला सांगितले. पाणी, फिल्टर आणि खाणं बदललं. दहा दिवस झाले. आज बटाट्याने गाजराचा कीस नाकारला, पण डावा डोळा अर्धा उघडून नाकारला.