सासऱ्यांचं लिव्हर बिघडलंय आणि डॉक्टर आतड्याचं बोलतायत, कोणी समजावेल का?

डिचोलीची सून:
सासरे रोज फेणी घेतात, काजूचा सिझन आला की उर्राक (काजूचीच पहिल्या धारेची, फेणीहून हलकी दारू) पण, कितीतरी वर्षं. आता जेवण जात नाही, पोट फुगतं, सकाळी हात थरथरतात. लिव्हरच्या रक्ततपासणीच्या रिपोर्टमध्ये एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त, जीजीटी पण वाढलेलं (ही सगळी लिव्हरची एन्झाइम्स), सोनोग्राफीत फॅटी लिव्हर. डॉक्टर म्हणाले दारूनं आतडं गळकं झालंय आणि त्यामुळे लिव्हरला सूज. हे कसं काय? शेजारची मावशी म्हणते फेणी पोटाला बरी. दीर म्हणतात उद्यापासून एक थेंब द्यायचा नाही, खोलीत कोंडू. प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या जिवाणूंची पावडर दिली तर चालेल का?

बांबोळी वॉर्ड:
ताई, आधी दिरांना थांबवा!! सकाळी हात थरथरतात म्हणजे शरीराला सवय लागलीये, अशा माणसाची दारू घरी एकदम तोडली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम, ताप, घाम, नसलेलं दिसणं, यात जीव जातो. दारू सोडायचीच आहे पण डॉक्टरच्या देखरेखीखाली, बांबोळीला आयपीएचबी हे सरकारी मानसोपचार रुग्णालय आहे तिथे दाखवा. व्हिटॅमिन बी१ बद्दल पण विचारा, रोज पिणाऱ्यांत ते कमी असतं आणि मेंदूवर परिणाम होतो. आणि रक्ताची उलटी, काळी शी, पिवळे डोळे, बरळणं यातलं काही दिसलं तर सरळ गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीत.

मायक्रोवाला:
आतड्याचं मी सांगतो. आतड्याच्या आतल्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटून असतात, दारू आणि तिच्यापासून बनणारं अॅसिटाल्डिहाइड ती पकड सैल करतं, शिवाय आतले जिवाणू पण बदलतात. मग जिवाणूंच्या कवचाचे तुकडे, त्याला एंडोटॉक्सिन म्हणतात, रक्तात शिरतात आणि आतड्याचं रक्त पोर्टल व्हेनमधून पहिलं लिव्हरलाच जातं. तिथल्या कुप्फर पेशी, म्हणजे लिव्हरच्या पहारेकरी पेशी, हे तुकडे पाहिले की हल्ला झाला समजून टीएनएफ-अल्फासारखी सूज आणणारी रसायनं सोडतात. एकदा झालं तर लिव्हर सावरतं, पण इथे रोज संध्याकाळी तेच, म्हणून चरबी, मग सूज, मग चट्टे आणि शेवटी सिऱ्होसिस, म्हणजे चट्ट्यांनी लिव्हर कडक होणं. म्हणजे लिव्हरवर मार दोन बाजूंनी, दारूचा थेट आणि आतड्यातून आलेला. फेणीत साधारण ४२ टक्के अल्कोहोल असतं, काजूची असो की माडाची, ती पोटाला बरी कशी असेल? पावडरनं फार तर थोडी मदत होईल, वरून दारू चालूच असेल तर पैसे वाया. पण नुसतं फॅटी लिव्हर असेल तर दारू बंद केल्यावर काही आठवड्यांत सुधारतं, हे सासऱ्यांना नक्की सांगा.

पेडण्याचा भाऊ:
माझ्या थोरल्या भावाचं असंच होतं. त्याची भूक गेलेली म्हणून घरचे नुसती पेज द्यायचे, डायटिशियननं बदललं, अंडी, मासळी, डाळ, थोडं थोडं पण चार-पाच वेळा, आणि रात्री झोपताना काहीतरी पोटात, कारण अशा लिव्हरवाल्यांचे स्नायू झिजतात. कालवं, तिसऱ्यो पूर्ण शिजवूनच, कच्च्या शिंपल्यातले जिवाणू यांना जीवघेणे ठरू शकतात. अंगदुखीच्या गोळ्या आणि काविळीचं झाडपाल्याचं औषध मनानं देऊ नका.

डिचोलीची सून:
सगळ्यांना खूप धन्यवाद. दिरांना वाचून दाखवलं, आता ऐकतायत. पण सासरे म्हणतात मी काय बेवडा नाही, डॉक्टरकडे कसं न्यायचं?

मायक्रोवाला:
बेवडा शब्द घरात काढूच नका. पोटासाठी जाऊया म्हणा, त्यांना त्रास पोटाचाच होतोय, आणि डॉक्टरला आधी फोनवर सगळं सांगून ठेवा. बेल्जियमच्या संशोधकांनी २०१४ साली दाखवलं की ज्यांचं आतडं जास्त गळकं होतं त्यांना दारू सोडून तीन आठवडे झाले तरी उदासी, घाबरटपणा आणि दारूची ओढ जास्त राहिली. म्हणून सोडल्यावर चिडचिड झाली तर नाटक करतात म्हणू नका, तेव्हाच समुपदेशन जास्त लागतं. पर्वरीची सांगात संस्था यात काम करते, आयपीएचबीच्या उपचारांसोबत तिथेही विचारून बघा. आणि दिरांना सांगा सासऱ्यांसमोर स्वतः पण दारू घेऊ नका.