परदेशातलं पहिलं घर शोधताना झालेली घालमेल : अनुभव लिहा

काल माळा आवरताना २०१६ ची वही सापडली. पानभर म्युनिकमधल्या घरांची यादी, सगळ्यांवर काट. नवरा पुढे गेला होता, मी कोथरूडहून व्हिडिओ कॉलवर घरं बघायचे. 'तीन त्सिमर' वाचून हरखले, तीन बेडरूम! तिथे हॉलही खोल्यांत धरतात, म्हणजे आपला टूबीएचके. भाडं 'काल्ट', म्हणजे हीटिंग-पाणी वेगळं. एका घरात तर स्वयंपाकघर म्हणून चार भिंती आणि बाहेर आलेला एक पाइप. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही. आधीचे भाडेकरू सगळं काढून घेऊन गेलेले, तिथे तसं चालतं. मी फोन ठेवला आणि ठरवलं, नाही जायचं.

त्या रात्री पाणी प्यायला उठले तर सासरे एकटेच बसून आमच्या बॅगांच्या चेनवर मेणबत्ती घासत होते. "ऐनवेळी अडकायला नको गं," एवढंच म्हणाले.

ती बॅग अजून आहे. तुमचंही लिहा.

कढीपत्ता
मेणबत्तीपाशी डोळे भरून आले. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

सह्याद्री७
आमचं इंग्लंड, स्लाव. डिपॉझिटला कायद्याने पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा, पण तिथली क्रेडिट हिस्टरी नाही म्हणून एजंटने सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागितलं. भरलं. पीएफ काढून. मुलीची शाळा घराच्या अंतरावर ठरणार होती, म्हणून नकाशावर पट्टी ठेवून घरं बघितली. ती चौथीत होती. रोज विचारायची, आजी कुठल्या खोलीत झोपणार? उत्तर नव्हतं.

पाऊलवाट
आम्ही गेलोच नाही. व्हिसा हातात, टोरांटोत बेसमेंट ठरलेलं, आगाऊ पैसे गेले ते गेलेच. आई बाथरूममध्ये पडली. तिने खूप सांगितलं, जा रे. नाही निघालं पाऊल. नाशिकलाच आहोत, आई आता काठी घेऊन अंगणात फिरते.

चिंचगूळ
@पाऊलवाट, आईंना नमस्कार सांगा. माझे बाबाही असेच पडले होते, बाथरूममध्ये दांडी बसवून घ्या, फार उपयोग होतो.
विषय सोडून विचारते, जर्मनीला मिक्सर न्यावा का?

सह्याद्री७
न्या. तिथेही २३० व्होल्ट, फक्त पिन बदला. अमेरिकेला नेऊ नका, १२० असतं.

रातराणी
आमचं विमान १८ दिवसांवर, बर्लिन. घर नाही. एक जण फोटो पाठवतोय, सुंदर फ्लॅट, भाडं कमी. म्हणतो मी परगावी आहे, डिपॉझिट पाठवा, किल्ली कुरिअर करतो. नवरा म्हणतो भरून टाकू. मला रात्री झोप नाही. मुलाने खेळणी वाटून टाकलीत, आता मागे कसं फिरायचं?

धागाकर्ती
@रातराणी, एक पैसाही पाठवू नकोस! बघितल्याशिवाय नाहीच. एक-दोन महिन्यांसाठी सामानासकट घर घे, पण तुम्ही तिथे राहत असल्याचं पत्र घरमालक देतो का ते आधी विचार. त्याशिवाय पत्त्याची नोंदणी होत नाही आणि पुढची कामं अडतात. कायमचं घर तिथे पोचल्यावर बघा. आणि सगळी खेळणी दिलीत का? एखादं ठेव गं त्याच्यासाठी.

रातराणी
डंपर ठेवलाय. आत्ताच त्या फ्लॅटवाल्याला नाही म्हणून कळवलं. नवराही हो म्हणाला.

कढीपत्ता
आले. डंपर हँडबॅगेत घे, विमानात लागेल.