मदत हवी आहे: व्यावसायिक कुस्तीतील महाकाय मल्ल आंद्रे द जायंटला १९८७ पूर्वी कोणी उचलून आपटले होते?

२९ मार्च १९८७ रोजी रेसलमेनिया ३ या कुस्तीच्या कार्यक्रमात हल्क होगन या मल्लाने आंद्रेला उचलून आपटले, तेव्हा असे पूर्वी कधीच घडले नसल्याचा गाजावाजा झाला होता. प्रत्यक्षात ९ ऑगस्ट १९८० रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममधील लढतीत खुद्द होगननेच त्याला आपटले होते आणि ते चित्रीकरण मी पाहिले आहे. मेक्सिकोतील मल्ल कानेकचेही नाव घेतले जाते. या कुस्त्यांचे निकाल आधीच ठरलेले असतात, हे ठाऊक आहे. तो मुद्दा नको. लेखासाठी केवळ चित्रफीत किंवा त्या काळातील छापील वृत्तान्त चालेल, नंतरच्या मुलाखती व आठवणी नकोत (त्यांत तिखटमीठच फार असते). अशा पुराव्यानिशी आणखी कोणत्या लढती दाखवता येतील?