रिओ टिंटोला दोष द्यायचा की सरकारांना?

कातळशिल्प:
मे २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पिलबारात या खाणकंपनीने लोहखनिजासाठी जुकन गॉर्जच्या गुहा सुरुंगाने उडवल्या. ४६ हजार वर्षांच्या मानवी वावराच्या खुणा होत्या तिथे. आधीच्या उत्खननात माणसाच्या केसांच्या वेणीचा तुकडा मिळालेला, ४ हजार वर्षं जुना, आणि डीएनए जुळला तो आजच्या तिथल्याच आदिवासींशी. म्हणजे कुणाच्या तरी पणजीची वेणी हो! मग माफी, सीईओ जाक यांची गच्छंती, झालं. माझ्या मते १८७३ मध्ये स्पेनच्या सरकारकडून तिथल्या रिओ टिंटोच्या खाणी घेतल्या तेव्हापासून हेच चालूय.

तिरपा डोळा:
भावना ठीक, पण २०१३ मध्ये परवानगी तिथल्या सरकारनेच दिलेली ना? बेकायदा काय झालं? आणि कंपनीला जिचं नाव मिळालं ती स्पेनमधल्या खाणींजवळची लाल नदी दाखवून जे लोक कंपनीला शिव्या घालतात त्यांना सांगा की तिथे रोमन लोकही खणत होते.

कातळशिल्प:
नदीचं मी काढलंच नाही, तुम्हीच काढलंत :) कंपनीकडे चार पर्याय होते, तिघांत गुहा वाचत होत्या, हे तिनेच चौकशीत कबूल केलंय. चौथा निवडायला सरकारने सांगितलं होतं का?

मधली आळी:
स्पेनमधल्या त्याच खाणींवरचं १८८८ विसरू नका. तांब्याचं खनिज उघड्यावर ढीग रचून भाजायचे, महिनोन्‌महिने गंधकाचा धूर, शेतं करपायची, आणि धुराची चादर खाली उतरली की कामगारांचं काम बंद, वर मजुरीही कापायची!! ४ फेब्रुवारीला शेतकरी नि खाणकामगार बायकापोरांसकट चौकात जमले आणि गोळीबार झाला. सरकारी आकडा १३, गावकरी म्हणतात शंभराच्या वर.

तिरपा डोळा:
गोळ्या स्पॅनिश सैन्याने झाडल्या. माझा मुद्दाच तो.

मधली आळी:
अहो पण धूर कुणाचा?

पुडीवाला:
जरा दुसरी बाजू. माझे काका मुंबईत ऑपेरा हाऊसला हिऱ्यांच्या ऑफिसात असॉर्टर, म्हणजे हिरे निवडून वेगळे करणारे. ऑस्ट्रेलियात रिओ टिंटोची अर्गाईल ही हिऱ्यांची खाण होती, २०२० ला बंद झाली, तिथला बारीक तपकिरी माल, ज्याला आधी कुणी विचारत नव्हतं, तो सुरतेत पैलू पाडून विकला जायला लागला आणि हजारो घरं त्यावर चालली. काका पुडी उघडून पांढऱ्या कागदावर चिमट्याने मोहरीएवढे खडे सरकवायचे, आम्हाला श्वाससुद्धा जोरात घेऊ द्यायचे नाहीत. ती घरं कुठल्या खात्यात मांडायची?

कातळशिल्प:
जमेच्याच, नाही कोण म्हणतंय. पण पापुआ न्यू गिनीच्या बूगनव्हिल बेटावर याच कंपनीच्या पांगुनातल्या तांब्याच्या खाणीचा गाळ थेट नदीत सोडला, १९८९ ला खाण बंद पडली, त्यावरून पेटलेल्या यादवीत हजारो मेले, आणि २०१६ मध्ये कंपनी शेअर्स फुकट देऊन मोकळी. हे नावे कुणाच्या टाकायचं?

तिरपा डोळा:
२०२१ मध्ये नुकसानीचा अभ्यास करायला तयार झाली की! आणि त्या खाणीत पापुआ न्यू गिनी सरकारचा पण वाटा होता, ते सोयीस्कर गाळलंत.

मधली आळी:
बत्तीस वर्षांनी अभ्यास. गाळ तोवर समुद्रात.