अर्धशिशी: पित्त समजून सोसलेली वर्षे

आमच्या घरी डोकेदुखीला पित्तच म्हणत. त्यामुळे डोक्याच्या एका बाजूचा ठणका, मळमळ आणि उजेड नकोसा होणे हे सारे मी ११ वर्षे आमसुलाच्या सारावर आणि अंधाऱ्या खोलीत निभावले. उलटी झाली की उतार पडे, म्हणून तो समज अधिकच पक्का झाला. उलटी हे दुखण्याचे कारण नसून मेंदूत सुरू झालेल्या अर्धशिशीच्या झटक्याचाच भाग आहे आणि उपचार न केल्यास तो ४ ते ७२ तास टिकू शकतो, हे मेंदूविकारतज्ज्ञांनी समजावले तेव्हा मला रडू आले. आता अर्धशिशीचा झटका थांबवणारी ट्रिप्टान गटातील गोळी मी ठणका वाढण्याआधीच घेते. आपलेही अनुभव कृपया सविस्तर लिहावेत.

हिंजवडीत नोकरी करणारा
मी औषधाच्या दुकानातून वेदनाशामक मिश्र गोळी आणून जवळजवळ रोज घेत होतो. अशी गोळी महिन्यात १० किंवा अधिक दिवस, सलग तीन महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर तीच डोकेदुखी जडवू शकते, हे मला कोणी सांगितले नव्हते. ती थांबवल्यावरचा पहिला आठवडा फार वाईट गेला. त्यानंतर, दमा नाही याची खात्री करून, डॉक्टरांनी झटके टाळण्यासाठी प्रोप्रानोलॉल सुरू केले. आठवड्याला तीन झटके येत, ते आता महिन्याला दोनवर आले आहेत.

कोथरूडहून
कर्वे रस्त्यावर दुचाकी चालवताना डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा आल्या आणि अर्ध्या तासाने डोके दुखू लागले. याला ऑरा म्हणतात. भगिनींनो, असे होत असेल तर गर्भनिरोधक गोळ्या घेण्यापूर्वी डॉक्टरांना ते अवश्य सांगा, कारण इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी अशा स्त्रियांमध्ये पक्षाघाताचा धोका वाढतो. माझ्या गोळ्या त्यामुळेच बदलल्या.

सदाशिव पेठेतून
मी इतकी वर्षे गणेशोत्सवातल्या ढोल-ताशांना दोष देत होते. चार महिने वहीत नोंदी ठेवल्या, तेव्हा झटके संकष्टीलाही येतात, म्हणजे चंद्रोदयापर्यंत उपाशी राहिल्यावर, असे दिसले. सासूबाईंनीच तोडगा काढला: उपास मोडायचा नाही, पण दुपारी राजगिऱ्याचा लाडू आणि ताक घ्यायचे. गेल्या तिन्ही संकष्ट्यांना मी आरतीला उभी होते.